चौसष्टांतली एक रीड आणि माझी सही

बसा. चहा टाकलाय, आल्याचा. तो उकळेपर्यंत माझ्या फजितीची एक गोष्ट ऐकून घ्या. मी नाही सांगितली तर आमची ही सांगणारच आहे, आणि ती सांगते तेव्हा मी त्यात आणखी मोठा गाढव दिसतो!

आधी मला माझी थोडी स्तुती करून घेऊ द्या. पुढे संधी मिळणार नाही.

मी विनायक लिमये, रत्नागिरीतल्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक होतो. शाळा सुटली की माझा खरा धंदा सुरू व्हायचा, तो म्हणजे पेटीदुरुस्ती. पेटी म्हणजे आपली हार्मोनियम. आमच्याकडे वाडीवाडीला भजनमंडळ, दर मंडळाला एक पेटी, आणि समुद्राची खारी हवा अशी की पावसाळा संपला की एकूण एक पेटीला दमा. पंचक्रोशीतल्या पेट्या माझ्या पडवीत रांगेनं येऊन बसायच्या. आत पितळेच्या पातळ जिभा असतात ना, ज्या हवेनं थरथरतात, त्या रिडा. त्यातली कुठली रीड रुसलीय हे मी नुसता भाता हलवून सांगायचो. खोटं वाटतं? विचारा कुणालाही!

माझी दोन तत्त्वं होती. पहिलं म्हणजे, मूळ रिडांना धक्का लावायचा नाही. कुणी जुनी जर्मन रिडांची पेटी घेऊन आला आणि म्हणाला, "भाऊ, ह्या काढून नव्या चकचकीत घाला," की मी त्याला उभं सोलायचो. "अहो, पेटीचा जीव रिडांत असतो! त्या बदलल्यात की हातात राहतं ते नुसतं खोकं! जाणकार माणूस आधी आत बघतो, मग किंमत बोलतो!"

दुसरं तत्त्व म्हणजे सही. दुरुस्त केलेल्या प्रत्येक पेटीत, आतल्या बाजूला, मी जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीनं लिहायचो: 'दुरुस्ती: वि. ग. लिमये, रत्नागिरी.' पेन्सिलीचं टोक जिभेला लावून लिहिलं की ते अक्षर जन्मात पुसलं जात नाही. ही जांभळी सही लक्षात ठेवा. पुढे ती मला चावणार आहे.

तर दोन हजार दोन-तीनची गोष्ट. दिवाळी नुकतीच झाली होती. मांडवीचे दामूअण्णा मयेकर एका सोमवारी संध्याकाळी पडवीत येऊन उभे राहिले. अण्णा म्हणजे सत्तरीचा माणूस. घराणं मासेमारीचं, पण अण्णांची उमर गेली मोठ्या प्रवासी बोटीवर, स्टुअर्ड म्हणून. हा माणूस कधी कुणाकडे काही मागायला गेलेला मी पाहिला नव्हता.

"विनू, घरी येशील काय रे जरा? पियानोची एक पट्टी चिरकतेय."

"पियानो? अण्णा, तुमच्याकडे पियानो?"

"माझा नाय रे. पिंटोमास्तरचा. माझ्याकडे ठेव म्हणून हाय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्या बोटीवर एक बँड होता आणि बँडचा प्रमुख गोव्याचा पिंटोमास्तर. बोट मोडीत निघाली तेव्हा मास्तर परदेशी चालला होता. त्यानं आपला विजेवरचा पियानो अण्णांच्या हवाली केला. म्हणाला, "दामू, सांभाळ. मी येईन तेव्हा असाच्या असा दे." अण्णा म्हणाले, देईन. झालं! एवढ्या शब्दावर त्या माणसानं पंचवीस वर्षं तो पियानो ओटीवरच्या खोलीत शिडाच्या कापडाखाली झाकून ठेवला होता. नातवंडांना त्या खोलीत धावायची बंदी. फक्त दसऱ्याला कापड निघायचं. हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि मग अण्णा एका बोटानं एकच चाल वाजवायचे. बोट धक्का सोडायची तेव्हा मास्तर वाजवायचा ती. पुन्हा वर्षभर झाकून!

"आणि ह्या दसऱ्याला," अण्णा म्हणाले, "एक पट्टी एकदम चिरकायला लागली. आता मास्तरचं पत्र आलंय. परत आलाय तो, मडगावात असतो. रविवारी येतोय गाडीनं, पियानो न्यायला. तुला सांगतंय विनू, माझी झोप उडालीय. असाच्या असा देईन म्हटलं होतं मी."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. सत्तरीच्या माणसाच्या खांद्यावर! "अण्णा, निर्धास्त राहा. रीडच असणार आत. रीड म्हटली की लिमये."

मंगळवारी शाळेतून परस्पर मांडवीला गेलो. अण्णांनी कापड काढलं. काय देखणी वस्तू होती हो! अमेरिकन बनावट, चौसष्ट पट्ट्या, पोटातच दोन स्पीकर, चार बारीक पाय. शेजारी एकशेदहा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर. अण्णांनी बटण दाबून एक एक पट्टी वाजवून दाखवली. आवाज कसा, तर घंटा आणि सतार यांच्या मधला, गोड आणि जरासा घोगरा. मध्येच एक पट्टी मात्र बाकीच्यांच्या डोक्यावरून टुणकन वर उडी मारायची, आणि तिचा आवाजही पातळ.

"एवढी एकच बघ हां," अण्णा म्हणाले. "बाकीच्याला हात लावू नको. आणि हे बघ, पट्टी बिघडली त्या दिवशी हे खाली पडलेलं मिळालं."

त्यांनी तपकिरीच्या डबीतून शिशाचा एक कण काढून माझ्या तळहातावर ठेवला. तुरीच्या डाळीएवढा.

आता माझ्यासारख्या हुशार माणसानं काय करावं? मी इकडे तिकडे पाहिलं. कोपऱ्यात अण्णांच्या मुलाची जाळी पडलेली, त्यांना शिशाची वजनं लावलेली. "अण्णा, हे जाळ्याचं शिसं. पियानोत शिसं कशाला असेल?" असं म्हणून मी तो कण जाळ्यांच्या दिशेनं टिचकीनं उडवून दिला. अण्णा लगेच वाकून तो शोधायला लागले.

मी झाकण उचललं.

आता आतली रचना सांगतो, तेवढी समजली की माझं कर्तृत्व पुरतं कळेल. पट्टी दाबली की नमदा, म्हणजे दाबलेली लोकर, लावलेला एक छोटा हातोडा वर जातो आणि पोलादाच्या एका रिडेवर टोला मारतो. रीड थरथरते, तिच्या टोकाशी एक पत्रा असतो तो ती थरथर विजेतून टिपतो, आणि स्पीकरमधून आवाज येतो. म्हणजे भात्याऐवजी हातोडा, पण शेवटी रीडच. मी मनात म्हटलं, हे तर आपलंच घर.

आणि मग मला ते दिसलं. चौसष्ट रिडांपैकी त्रेसष्ट रिडांच्या टोकावर शिशासारखा काळपट गोळा चिकटलेला. वेडेवाकडे, कुणाचा लहान, कुणाचा मोठा. एकच रीड स्वच्छ, चकचकीत. आणि ती होती चिरकणाऱ्या पट्टीची.

आता पेटीतला नियम ऐका. रिडेच्या टोकावर घाण बसली की ती जड होते आणि तिचा सूर उतरतो. टोक साफ केलं की सूर चढतो, मोकळा होतो. तीस वर्षांचा माझा अनुभव! म्हणजे हिशेब सरळ होता. त्रेसष्ट रिडांवर पंचवीस वर्षांच्या खाऱ्या हवेचा मळ बसून त्या उतरल्या होत्या. एक तेवढी साफ राहिली होती, म्हणून ती खऱ्या सुरात होती, आणि म्हणूनच ती बिचारी वेगळी वाजत होती!

एवढ्या मोठ्या पियानोत एकटीच खरं बोलत होती हो ती! मला तिचा अभिमान वाटला.

"अण्णा," मी म्हटलं, "पट्टी बिघडलेली नाहीये. बाकीच्या बिघडल्यात."

"सगळ्या?"

"सगळ्या. पण घाबरू नका. मूळ रिडांना मी धक्का लावत नसतो. नुसता मळ काढतो."

"बघ बाबा. तुला कळतं त्यातलं," असं अण्णा म्हणाले, आणि मला रिडा घरी न्यायला दिल्या. पियानोचा सांगाडा मात्र त्यांनी जागचा हलू दिला नाही.

चौसष्ट रिडांचा क्रम चुकू नये म्हणून मी नाक्यावरच्या दुकानातून अंड्यांचे तीन ट्रे आणले. आमच्या घरात अंडं येत नाही. सुनंदानं, म्हणजे हिनं, ट्रे बघून कमरेवर हात ठेवले.

"देवघराच्या शेजारी अंड्याचे ट्रे?"

"रिकामे आहेत गं. हे अमेरिकन पियानोचं काम आहे."

तिनं रिडा निरखून पाहिल्या. तिला संगीतातलं काही कळत नाही, असं माझं तेव्हा मत होतं.

"ही एक वेगळी दिसतेय," ती म्हणाली. "हीच बिघडली होती ना?"

"हीच बरोबर आहे. बाकीच्या त्रेसष्ट चुकीच्या."

"त्रेसष्ट चुकीच्या आणि एक बरोबर?"

"हो."

"मग त्या त्रेसष्ट इतकी वर्षं आपसात जुळत कशा होत्या?"

काय प्रश्न होता बघा! थेट मुळाशी हात घातलान् बाईनं. पण मी हार जाणार? म्हटलं, "एका घरातली माणसं एकदमच जाड होतात की नाही? तसंच हे."

"आणि मळ टोकालाच बसतो? बाकी अंगाला नाही?"

"सुनंदा, चहा टाक."

बुधवारचा दिवस मी शाळेत रजा टाकली. कामही असं छान झालं म्हणता! एक एक रीड घ्यायची, तापलेल्या इस्त्रीनं, म्हणजे सोल्डरिंगच्या, तो गोळा मऊ करायचा, पुसायचा, उरलंसुरलं कानशीनं घासायचं, वर चिंचेनं चमकवायचं. हट्टी मळ होता! एवढा मळ विस्तवाला धरल्यावर मेणासारखा वितळतो कसा, हा प्रश्न विज्ञानाच्या प्रयोगशाळेत हयात घालवलेल्या माणसाला पडायला हवा होता की नाही? पण नाही पडला. संध्याकाळी ट्रेमध्ये चौसष्ट रिडा चांदीसारख्या चमकत होत्या. मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवल्या.

गुरुवारी संध्याकाळी मांडवीला जाऊन सगळ्या रिडा बसवल्या. आवळला शेवटचा स्क्रू. आणि वाजवून बघण्याआधीच, हो, आधीच, जांभळी पेन्सिल जिभेला लावून झाकणाच्या आतल्या बाजूला झोकात लिहिलं: 'संपूर्ण दुरुस्ती व सफाई: वि. ग. लिमये, रत्नागिरी.' संपूर्णखाली एक रेघ.

"अण्णा, करा सुरू!"

अण्णांनी बटण दाबलं. आतून फटाक्याची माळ लागल्यासारखा आवाज आला. कानशीचा कीस कुठे कुठे पडला होता तो विजेला भेटत होता. अण्णा दचकून मागे सरले.

"सर्दी आहे," मी म्हटलं. "निघेल." आणि फुंकर मारून मारून कीस काढला.

मग अण्णा पुढे झाले. हात पुसले. आणि एका बोटानं आपली ती बोट सुटायची चाल वाजवायला लागले. मी तुम्हाला काय सांगू! एक सूर वर जायचा तर दुसरा त्याच्याही वर, तिसरा मध्येच दोन पायऱ्या खाली. जिना उतरताना कुणी पायऱ्यांची अदलाबदल केली तर जे होईल ते त्या चालीचं झालं. अण्णांचं बोट थांबलं.

"विनू, हे दुसरंच कायतरी वाजतंय रे."

इथे मी कबूल करायला हवं होतं. माझ्याही कानांना ते कळलं होतं. पण जीभ बघा माझी! "अण्णा, तुमच्या कानांना पंचवीस वर्षं मळक्या आवाजाची सवय झालीय. हा खरा आवाज. कंपनीतून निघाला तेव्हाचा!"

आणि त्या साध्या माणसानं विश्वास ठेवला हो. "असेल बाबा," म्हणाले. परत एकदा ती चाल वाजवून बघितली, आपल्या कानांना नवी सवय लावायला. ते आठवलं की आजही मला मान वर करवत नाही.

शुक्रवारी मी मारुती मंदिराजवळच्या सायबर कॅफेत गेलो. का? तर अण्णांना दाखवायला पुरावा छापून आणावा म्हणून! हे असलंच आवाजाचं वैशिष्ट्य असतं, असं कुणीतरी गोऱ्यानं लिहिलेलं असणारच, अशी माझी खात्री. अर्धा तास खटपट केल्यावर एका परदेशी दुरुस्तीवाल्याचं पान उघडलं. फोटो वरून खाली इंच इंच उतरत होता. आधी पियानोचं झाकण दिसलं, मग रिडांचा वरचा भाग, आणि मग रिडांची टोकं. प्रत्येक टोकावर एकेक गोळा.

मी डोळे पुसले. गोळे होतेच.

खाली लिहिलं होतं ते शब्दकोश मागून घेऊन वाचलं. ते गोळे म्हणजे मळ नव्हे. ते कंपनीनं मुद्दाम लावलेलं डाक, म्हणजे शिशाचं सोल्डर होतं. रिडेच्या टोकावर वजन चढवून तिला सुरात आणलेलं असतं. शिसं घातलं की सूर उतरतो, कणभर घासलं की चढतो. आणि नुसता सूरच नाही, त्या गोळ्याचा आकार टोकाच्या पत्र्याशी कसा येतो त्यावर आवाजाचा तो घोगरा गोडवा ठरतो. पुढे तो गृहस्थ सांगत होता की शौकीन लोक अशा पियानोत आधी आत बघतात. हातोड्यांचा नमदा मूळचा आहे का, स्पीकर मूळचे आहेत का, आणि सगळ्यात आधी, रिडांवरचे गोळे कंपनीचे आहेत का. त्यांना कुणी हात लावला असेल तर जाणकार माणूस त्या पियानोकडे परत बघत नाही.

वाक्य ओळखीचं वाटलं ना? माझंच होतं ते! उभा जन्म मी लोकांना तेच ऐकवलं होतं.

एक रीड चिरकत होती, कारण तिचा गोळा गळून पडला होता. आणि मी त्या एका आजारी रिडेला आदर्श धरून बाकीच्या त्रेसष्ट धडधाकट रिडांना तोच आजार लावला होता.

घरी आलो. सुनंदानं माझं तोंड बघितलं आणि काही न विचारता पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. मला वाटलं आता बोलणार. पण ती एवढंच म्हणाली, "अंड्याचे ट्रे टाकले नाहीयेत मी. माहीत होतं लागतील म्हणून."

मग शुक्रवार संध्याकाळ आणि अख्खा शनिवार. अण्णांना सांगितलं, "शेवटचा हात फिरवायचाय," आणि रिडा पुन्हा घरी. शाळेतलं डाकाचं रीळ आणलं, आमची घरची पेटी शेजारी घेतली, आणि एकेका रिडेवर गोळा चढव, पेटीशी सूर मिळव, घास, चढव, पुन्हा घास. बोटांची सालं निघाली. चौसष्टच्या चौसष्ट झाल्या. शनिवारी दिवेलागणीला पियानोत बसवल्या. अण्णांनी चाल वाजवली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आता बरोबर!"

"बघा! म्हटलं नव्हतं?" मी म्हणालो. होय, तरीही म्हणालो! अशी माणसं असतात जगात. आत्ता तुमच्यासमोर बसलंय एक.

रविवारी सकाळी पिंटोमास्तर रिक्षातून उतरला. उंच, वाळलेला म्हातारा, हातात छत्री, डोक्यावर हॅट. दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांना मिठी मारली आणि बराच वेळ कुणीच कुणाला सोडेना. मग अण्णांनी हाताला धरून त्याला खोलीत नेलं आणि शिडाचं कापड बाजूला केलं.

"घे मास्तर. तुझी ठेव."

मास्तर बसला. त्यानं तीच चाल धरली. वा! मला वाटलं, सुटलो. मग त्यानं डावा हात घातला, एकदम चार-चार पट्ट्या दाबायला लागला. मग हात उचलून दुसऱ्या सुरावर गेला. आणि तिथे ते सगळं फाटलं. कसं न फाटेल? मी सूर लावले होते भजनाच्या पेटीवरून, आणि आमची पेटी एका षड्जाला, म्हणजे एकाच 'सा'ला धरून गोड मिळवलेली. त्या घरात बसून गा, अमृत! घर बदललंत की संपलं.

मास्तर थांबला. वेगवेगळ्या पट्ट्या दाबून बघितल्या. मग हळूच म्हणाला, "दामू, माझो पियानो पेटी कसो झालो रे? कोणी उघडला हा?"

मी हातातली पिशवी पाठीमागे सरकवली.

"मी," अण्णा म्हणाले. "मी उघडला, मास्तर. एक पट्टी चिरकत होती. म्हटलं, तू येतोयस तर नीट करून ठेवूया. माझ्या हातून बिघडला. शब्द मोडला मी तुझा."

त्यांची मान खाली गेली होती. माझं नाव घेतलं नाही त्या माणसानं. मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि मी 'नाही, नाही, मी' असं म्हणायला पुढे सरणार, एवढ्यात मास्तरनं आत बघायला झाकण उचललं.

झाकणाच्या आत जांभळ्या अक्षरात, ठळक, वळणदार, मी होतो! 'संपूर्ण दुरुस्ती व सफाई.' संपूर्णखाली रेघ!

मास्तरनं ते मोठ्यानं वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. "वि. ग. लिमये कोण?"

"मी," मी म्हटलं. आणि मग पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगून टाकलं. मळ, चिंच, अंड्यांचे ट्रे, सायबर कॅफे. अण्णांनी एकाच पट्टीला हात लावायला सांगितलं होतं, हेही. अण्णा ऐकत होते. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. 'खरा आवाज' कुठला होता ते त्यांना आत्ता कळत होतं.

मास्तर रागावेल असं वाटलं. त्यानं चष्मा पुसला. "सगळे गोळे काढलंस? त्रेसष्ट?"

"त्रेसष्ट."

"आणि कंपनीचो एकूय उरलो नाय?"

"एकही नाही."

तेव्हा अण्णा उठले, कोनाड्यातून तपकिरीची डबी आणली आणि मास्तरच्या हातावर उपडी केली. तुरीच्या डाळीएवढा कण. "हा पडला होता चिरकायला लागली तेव्हा. ह्याला दाखवला, तर हा बोलला जाळ्याचं शिसं, आणि उडवून दिलान्. मी शोधून ठेवला परत. मास्तरच्या वस्तूतनं पडलेलं काय कसं टाकू?"

मास्तर तो कण उजेडात धरून बघत राहिला. मग त्यानं माझ्याकडे हात केला. "इस्त्री हाडलास?"

सुदैवानं पिशवीत होती. त्याच्या डोळ्यांसमोर मी त्या एका रिडेवरचं माझं डाक काढलं आणि तो जुना कण तिच्या टोकावर चढवला. त्यानं स्वतः कानशीचे दोन हात फिरवले, रीड बसवली आणि ती एकच पट्टी दाबून धरली. घंटा आणि सतार यांच्या मधला, गोड, जरासा घोगरा.

"दामू," मास्तर म्हणाला, "तू शब्द पाळलंस. तुझ्याकडे पंचवीस वर्षं होता, तोवर असाच्या असा होता. ह्याच्याकडे पाच दिवस होता." मग हसला. "मुंबयचो एक शौकीन मागे लागलो होतो, विक म्हणून. आता मागूचो नाय. बरं झालं. मी घरी बसून एक एक सूर लावीन. म्हाताऱ्याक काम झालं."

अण्णांनी डोळे पुसले आणि आत चहा सांगायला गेले. मी हळूच इस्त्री पिशवीत टाकून निघायच्या बेतात होतो.

"खंय चाललास?" मास्तर म्हणाला. "पेन्सिल काड. चांगल्या वस्तूत जो जो बदल केलो, तो आत लिहून ठेवचो असता. उद्या कोण उघडील, त्याक कळूक जाय. सही केलंस ना? मग खाली खरं लिही."

मी पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं. शाईची ती कडू चव मला अजून आठवते. आणि त्या ठळक, वळणदार 'संपूर्ण दुरुस्ती'च्या खाली, मास्तर सांगेल तसं, जन्मात पुसलं जाणार नाही असं लिहिलं:

'ह्या पियानोत कंपनीचा मूळ गोळा एकच आहे. तो लिमयांनी टाकून दिला होता, म्हणून वाचला.'